सातचा भोंगा

व्हिडिओ कॉलवर आजोबा मला "ए भोंगा" म्हणून हाक मारतात आणि तुम्ही दोघं हसता. परवा धाकट्याने विचारलंही, "आजी, भोंगा म्हणजे काय?" मी म्हटलं, "गिरणीची शिट्टी," आणि विषय बदलला. त्याचं समाधान झालं नव्हतं, हे मला स्क्रीनवरही दिसलं. खरं तर त्या शब्दाचा अर्थ मलाच लग्नानंतर बेचाळीस वर्षांनी कळला. ज्या संध्याकाळी कळला, ती मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही. तुमच्या आईला तर नाहीच. तिने पुढच्याच विमानाचं तिकीट काढलं असतं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि मराठी लिहायला मी सासरी येऊन शिकले. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आजोबा दुरुस्त करतील. त्यांनी हे वाचायला मागितलं आहे. मी पूर्ण झाल्यावरच देणार आहे.

आजोबांचं बालपण गिरणगावातल्या चाळीत गेलं. त्यांचे वडील कोकणातून गिरणीत आले होते. संध्याकाळचा भोंगा झाला की माझ्या सासूबाई हात धुऊन देवापुढे दिवा लावायच्या. आम्ही लग्नानंतर अंधेरीला राहायला आलो तेव्हा इथे कसला भोंगा? मी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि शाळेचं वेळापत्रकही मीच लावायचे. तेव्हा मी घराचंही लावलं. सहा वाजता चहा, सव्वासहाला डास येतात म्हणून सगळ्या खिडक्या बंद, सातला दिवा. दिवा लावायचं काम आजोबांचं. मी स्वयंपाकघरातून "सात" म्हणायचे आणि ते उठायचे. इतक्या वर्षांत त्यांचा दिवा कधी चुकला नाही. घड्याळ लावावं तर यांच्या दिव्यावर, असं मी मैत्रिणींना सांगत असे. ते मला भोंगा म्हणायचे ते माझ्या मास्तरणीच्या आवाजावरून, अशी माझी समजूत होती. रागही यायचा थोडा.

आता त्या वर्षाबद्दल. आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. वॉकर धरून ते घरातल्या घरात फिरू लागले होते. ऐकू कमी येत होतंच, आणि दुपारी झोपताना कानातलं मशीन काढलं की ते पुन्हा लावायचं त्यांना आठवत नसे. शिवाय करोनाच्या साथीत त्यांची वास घ्यायची शक्ती गेली ती परत आलीच नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी तेव्हा आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. फळ्यावरच्या बहुतेक नोटिसा माझ्याच हस्ताक्षरात किंवा माझ्या कॉम्प्युटरवरून निघालेल्या. मासे, भाजी विकणाऱ्यांनी मोठी लिफ्ट वापरू नये, सर्व्हिस लिफ्ट वापरावी. विक्रेत्यांनी मजल्यांवर ओरडू नये. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत, लॅमिनेट करून. नवा जनरेटर घेतला तेव्हा तो फक्त मोठ्या लिफ्टला, पंपाला आणि जिन्याच्या दिव्यांना जोडावा, सर्व्हिस लिफ्टला नको, असं मत मीच मांडलं होतं. सगळ्यांना पटलंही. सर्व्हिस लिफ्टने जातं कोण?

त्या दिवशी संध्याकाळी टाकी सफाईच्या नोटिसीवर सही करायला मला खाली ऑफिसात जायचं होतं. सहा पंचवीसला मी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं, सगळ्यात बारीक आचेवर. अर्धा लिटर दूध त्या आचेवर वर यायला सतरा मिनिटं लागतात. मी मोजलेली आहेत. मला खाली जाऊन यायला दहा मिनिटं पुरे. आजोबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते. मी हातानेच खूण केली, खाली जाऊन येते. स्वयंपाकघराची ट्यूब चालू ठेवली आणि दार ओढून घेतलं. फोन आत चार्जिंगला होता. नेला नाही, कारण दहा मिनिटांना फोन कशाला.

सही केली, ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली बटव्यात टाकली. मोठ्या लिफ्टपाशी आले तर कोणा नव्या भाडेकरूचं कपाट चढत होतं. दार अडवून दोन माणसं घाम पुसत उभी. सामान सर्व्हिस लिफ्टने न्यावं अशी नोटीस तिथेच, त्यांच्या डोक्यावर लावलेली होती. वाद घालायला वेळ नव्हता. मी मागच्या बाजूला जाऊन सर्व्हिस लिफ्ट धरली.

आत आमची मासेवाली होती. ती मढहून यायची, होडीतून खाडी ओलांडून. वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाई म्हणून अरेतुरे करायची.

"बाई, तू इकडं कशी?" तिने पाटी थोडी बाजूला सरकवली. "मोठी लिफ्ट रुसली काय?"

"कपाट चढवतायत कोणाचं तरी."

"कपाट मोठ्या लिफ्टात आणि बाई म्हावऱ्याबरोबर. झकास."

मी नऊचं बटण दाबलं. घड्याळात सहा सदतीस झाले होते. पाच मिनिटं हातात होती. पाचवा मजला गेला, एक हिसका बसला आणि दिवा गेला.

"लाईट गेली," मावशी अंधारात म्हणाली. "येईल आता."

मी धोक्याच्या घंटेचं बटण चाचपून दाबलं. वाजली नाही. तिची बॅटरी बदलायची आहे, हे माझ्या यादीत होतं. मावशीने आपला फोन काढून त्याचा टॉर्च लावला. रेंज नव्हती. पोलादी दारं घट्ट मिटलेली, मध्ये नखभर फट. तिच्या पाटीतल्या कोलंबीचा आणि बर्फाचा वास त्या डब्यात भरून राहिला होता. बाहेर कुठेतरी जनरेटर घरघरायला लागला. म्हणजे मोठी लिफ्ट चालू झाली असणार. कपाट सुखाने वर चाललं असणार.

सहा बेचाळीसला मी घड्याळातला काटा पाहिला आणि माझ्या डोळ्यांसमोर पातेलं आलं. साय फुगते, कड सुटते, दूध वर येतं. बारीक ज्योत दुधाने विझते. गॅस मात्र चालूच राहतो. खिडक्या सव्वासहालाच मी माझ्या हाताने बंद केलेल्या. आजोबांना वास येत नाही. आणि सात वाजता ते देवापुढे काडी ओढणार. देव्हारा आमच्या स्वयंपाकघरातच आहे, तुम्हाला माहीत आहे.

मी दारावर दोन्ही हातांनी मारायला लागले. किती वेळ मारत होते कोण जाणे. मावशीने माझं मनगट धरलं.

"बाई. काय झालं ते सांग आधी."

मी सांगितलं. वाक्यं धड लागत नव्हती.

"वास येत नाय त्यांना?"

"नाही."

"काडीच ओढतात? लायटर नाय?"

"काडीच."

"घड्याळ बघून?"

"सातच्या ठोक्याला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मीच लावलेली सवय आहे."

"बरं," ती म्हणाली. नुसतं बरं. मला तिचा रागच आला. मग तिने पदर खोचला. "ओरडू का? नोटीस लावलीयस तू, म्हणून इचारते."

"ओरड ना गं."

तुम्ही तो आवाज ऐकलेला नाही. बाजारात चार रस्त्यांपलीकडे पोचणारा आवाज तो. लिफ्टच्या पोकळीत तो असा घुमला की माझ्या कानांना दडे बसले. "ओ ताई... ओ बाय... लिफ्टीत... या गो..." वर-खाली हेल काढत. एकदा, दोनदा, तीनदा. मग आम्ही दोघी गप्प राहून ऐकू लागलो. वर कुठेतरी दार उघडलं. बाईचा आवाज आला, अगदी शांत.

"आज नको गं मावशी. संकष्टी आहे."

आणि दार बंद झालं.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. टॉर्चच्या उजेडात तिचे दात दिसले. हसू दाबत होती. "बघ. माझी हाक म्हणजे म्हावरंच. मरताना ओरडले तरी म्हणतील, काय भाव." मग तिने हेल सोडला आणि सरळ भांडणाच्या आवाजात ओरडली, "अगो म्हावरं इकत नाय मी. बाई अडकलीय आत."

दार पुन्हा उघडलं. "कोण बाई?"

"नोटीसवाली."

सहाव्या मजल्यावरची शेजारीण होती ती. बँकेत नोकरी करते, शहाणी मुलगी. चपला फटफटवत आमच्या डोक्यावरच्या दाराशी आली. "काकू? तुम्ही? थांबा, वॉचमनला बोलावते."

लिफ्ट बाहेरून उघडायची खास किल्ली असते. ती सोसायटीच्या ऑफिसात, खुंटीवर, नीट लेबल लावून टांगलेली असते. ऑफिसची किल्ली माझ्या बटव्यात होती. दुसरी किल्ली खजिनदारांकडे, ते नाशिकला. फटीतून किल्ली बाहेर सरकवावी तर समोर नुसती पोकळीची भिंत. हे सगळं मी त्या फटीतून ओरडून सांगितलं. सांगताना मला माझ्याच शिस्तीची लाज वाटत होती.

"मग लिफ्टच्या कंपनीला फोन लावते," ती म्हणाली, आणि मिनिटभराने, "चाळीस मिनिटं लागतील म्हणतात. ट्रॅफिक आहे. काकू, घाबरू नका हां, हवा असते आत."

मी तिला गॅसचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मी पळत वर जाते. बेल वाजवते. शेजारच्यांकडे तुमची जादा किल्ली असते ना?"

"ते गावी गेलेत, लग्नाला."

"मग दार ठोकते. आजोबांना ओरडून सांगते."

मी "जा" म्हणणारच होते. शब्द तोंडात आला होता. आणि मला दिसलं: घरात काळोख, कानात मशीन नाही. कोणीतरी दार धडधडा वाजवतं आहे, तेवढं मात्र जमिनीतून कळतं. वॉकर धरलेला माणूस उठून आधी काय करणार? पुढचं दिसावं म्हणून काडी ओढणार.

"नको," मी म्हटलं. "दार वाजवू नकोस. बेलही नको."

"मग काय करू, काकू?"

बेचाळीस वर्षं "मग काय करू" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. शाळेत कोणी शिक्षिका गैरहजर असली तर तिच्या आठही तासांवर कोणाला पाठवायचं, हे मी प्रार्थना संपायच्या आत सांगत असे. माझ्या वहीत दोनच रकाने असायचे, करायचं आणि झालं. तिसऱ्याची कधी गरज पडली नव्हती.

मी देवाला सांगत होते, लाईट येऊ दे. ओठ हलत असणार, कारण मावशी म्हणाली, "काय मागतेस?"

"लाईट."

आणि ते बोलल्याबरोबर मला आठवलं. स्वयंपाकघरातली ट्यूब. ती चालूच ठेवून मी निघाले होते. जुनी पट्टी, स्टार्टरवाली. लागताना आधी टिकटिक करून लुकलुकते. गॅस भरलेल्या खोलीत ती लुकलुकली तर सातची वाट बघायची गरज नाही. लाईट आली तर मी सुटणार होते, आणि लाईट आली तर तिथे वर ठिणगी पडणार होती. इतका वेळ मी जे जीव तोडून मागत होते, तेच आता नको म्हणून मागायला लागले. मग वाटलं, पण लाईट नाही आली तर सातपर्यंत मी इथेच. मग पुन्हा, येऊ दे. पुन्हा, नको. हे सगळं मी मोठ्यानेच बडबडत होते.

"काय मागायचं तेच कळत नाय," मावशी म्हणाली, "तर मागतेस कशाला? गप बस जरा. ती ट्यूब खालून बंद नाय होत?"

मी तिच्याकडे पाहिलं.

खालून बंद होते. मीटर रूममध्ये प्रत्येक घराच्या मीटरखाली त्याचा स्विच असतो. त्या पाट्या मीच रंगवून घेतल्या होत्या. इतका वेळ मला ते सुचलं नव्हतं, कारण मी विचार करत नव्हते, भांडत होते. कोणाशी, ते विचारू नका.

मी फटीला तोंड लावून शेजारणीला सांगितलं, "वॉचमनला घेऊन मीटर रूममध्ये जा. नवव्या मजल्याची रांग, डावीकडून दुसरा. आमचा स्विच खाली पाड. आणि त्यावर हात ठेवून तिथेच उभी राहा, दुसरं कोणी चढवायला नको." तिने ते माझ्यामागून म्हणून दाखवलं, वर्गातल्या मुलीसारखं, आणि जिना उतरून पळाली. गॅसचा मोठा व्हॉल्व्हही खालीच आहे, तो बंद करायला सांगता आला असता, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आठवलं.

सहा चोपन्नला वॉचमनचा आवाज खालून पोकळीतून वर आला, "मॅडम, बंद किया. भाभी उधर खडी है."

तेवढंच. हातातलं सगळं करून झालं होतं. सहा मिनिटं उरली होती आणि त्या सहा मिनिटांत करण्यासारखं माझ्याजवळ काहीही नव्हतं.

मी खाली बसले, लिफ्टच्या फरशीवर, साडीसकट. मावशीही समोर टेकली. तिने पाटीवरचं फडकं काढलं, मूठभर कोलंबी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "सोल."

"काय?"

"सोल. तुझीच हाय, तुलाच द्यायला आणलेली. डोकं मोड, पाय काढ, मग साल. धागा मी काढते."

"मावशी, मला आत्ता..."

"आत्ताच. हात मोकळं ठेवलं की डोकं खातात." तिने बोलता बोलता दोन सोलून टाकल्या. "आमची होडी येळेवर नाय आली की गावच्या बाया बंदरावर उभ्या ऱ्हातात. मी नाय जात. मी उभी ऱ्हायले म्हणून काय दर्या लवकर सोडतो? एकदा तीन दिवस नाय आली. मी घरात सुकट निवडत बसले. चौथ्या दिवशी आला नवरा. एकदा दिराची होडी गेली. तेव्हा पण मी सुकटच निवडत होते."

"आणि दीर?"

"नाय आला." तिने एक कोलंबी उजेडात धरून पाहिली. "सुकट मात्र चांगली निवडली दोन्ही येळेला."

मी आयुष्यात कधी कोलंबी सोललेली नव्हती. सोललेलीच घ्यायची, हा माझा नियम. साल बोटांना टोचत होती. पहिल्या तीन तर मी अर्ध्या मोडल्या. "सोन्यासारखं म्हावरं," मावशी पुटपुटली, "इंग्लिश बाईच्या हाती लागलं नि वाट लागली." मी चौथी घेतली. मग पाचवी. फोनचा टॉर्च तिने चार्ज वाचवायला बंद केला. अंधारात बोटांना आपोआप दिसायला लागलं: कुठे डोकं संपतं, कुठून साल सुटते.

माझ्या घड्याळाच्या काट्यांना रेडियम आहे. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. सातला एक मिनिट कमी.

हे तुम्हाला कसं सांगू? मी मनातल्या मनात त्यांना वॉकर धरून उठताना पाहत होते. पाच पावलं, मग दम. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर उजवीकडे काडेपेटी, जागेवर. मीच ठेवलेली. माझ्या घरात एकही वस्तू जागेबाहेर नसते. आज असायला हवी होती.

सात.

मावशीने माझ्या पुढ्यात आणखी मूठभर ओतली. मी सोलत राहिले. कान मात्र वर.

सात वाजून दोन मिनिटांनी धाडकन आवाज झाला. अख्खी लिफ्ट थरथरली. मावशीने तिचा ओला हात माझ्या तोंडावर ठेवला, की माझ्या खांद्यावर, आता आठवत नाही. मग वरून माणसांच्या शिव्या ऐकू आल्या, हिंदीतून, आणि कोणीतरी म्हणालं, "अरे, पकड़ना था ना, दरवाज़ा टूट गया कपाट का."

"कपाट," मावशी म्हणाली.

"कपाट," मी म्हटलं.

आम्ही पुन्हा सोलायला लागलो. सात पाच. सात आठ. आतापर्यंत काही झालं नाही म्हणजे होणार नाही, असं काही नव्हतं. गॅस वाढतच होता. पण एक गोष्ट मला जाणवली, ती खरी म्हणून लिहिते. मी मागणं सोडलं होतं. धीर आला होता असं नाही. भीती होती तेवढीच होती, फक्त तिच्याशी माझं भांडण संपलं होतं. हातात कोलंबी होती, ती मी मोडू देत नव्हते.

सात अकराला लाईट आली. लिफ्टने हिसका दिला आणि काहीच झालं नसल्यासारखी वर निघाली.

नवव्या मजल्यावर दार उघडलं. मी बटव्यातून घराची किल्ली काढली. किल्ली मावशीने माझ्या हातातून घेऊन कुलपात घातली, मी फिरवली. दार उघडताच तो वास आला, कुजक्या कोबीसारखा. आत पूर्ण काळोख. खाली शेजारीण अजून स्विचवर हात ठेवून उभी होती, देव तिचं भलं करो.

"बॅटरी पेटवू नको," मी मावशीला म्हटलं. ती दारातच थांबली.

मी भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत गेले. समोरच्या इमारतीचा उजेड काचेतून आत येत होता. आजोबा देव्हाऱ्यासमोर स्टुलावर बसले होते, वॉकर बाजूला. डाव्या हातात काडेपेटी. उजव्या हातात एक काडी, बाहेर काढलेली.

मी ओरडले नाही. दचकून हात घासला तर? मी पुढून, त्यांना दिसेल अशी गेले आणि त्यांच्या हातातून काडी घेतली, मग पेटी. मग गॅसचं बटण फिरवलं. मग खिडक्या, एकेक करून, पूर्ण. मग त्यांच्या काखेत हात घालून त्यांना बाहेरच्या गॅलरीत नेलं.

त्यांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं. "कुठे होतीस?" त्यांचा आवाज चिडका होता. "किती वाजले?"

"सव्वासात होतील."

"सव्वासात? मग तू म्हणाली कशी नाहीस?"

"काय म्हणाले नाही?"

"सात."

मी विचारलं, "घड्याळ दिसत नव्हतं का तुम्हाला?"

"घड्याळाचं काय?" ते म्हणाले. "काळोख पडला म्हणून काडेपेटी घेऊन बसलो तयारीत. पण भोंगा झाल्याशिवाय दिवा लावायचा कसा? आमच्या घरात कधी लावला नाही. तू सात म्हणतेस, मग मी लावतो."

"आणि एवढ्या काळोखात मेणबत्ती नाही लावलीत?"

"देवाच्या आधी मेणबत्ती?" त्यांना माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "आई मारायची अशा गोष्टीला."

बेचाळीस वर्षं मी समजत होते, हा माणूस घड्याळावर चालतो. मी "सात" म्हणायचे ती नुसती माझी खोड, म्हटलं काय अन् नाही म्हटलं काय. मशीन नसलं तर तो शब्द त्यांना ऐकूही येत नसेल असं मला वाटे. त्यांना तो माझ्या ओठांवर दिसायचा. त्यासाठी ते रोज सातच्या सुमाराला मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे, आणि मला वाटायचं, जेवणाची घाई झालीय.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी काडी हातात घेऊन बसलो होतो." आणि पुन्हा म्हणाले, "काढून, हातात." मी त्यांचा हात धरला.

दारातून मावशीने आत डोकावलं. पिशवीत बांधलेली कोलंबी तिने उंबऱ्यात ठेवली. "अर्धी मोडलेली हाय, तुझ्या हातची. आजोबांना सांग, बाईनं सोललीय, दात जपून." आणि जाताना, जिन्यावरून, मुद्दाम हेल काढून ओरडली, "म्हावरं घ्या... संकष्टी हाय... नोटीस हाय..."

तास गेला, तरी मी खिडक्या लावल्या नाहीत. डास आले, येऊ दिले. शेजारीण वॉचमनला स्विचपाशी उभं करून घरी गेली आणि चहा करून वर घेऊन आली. दूधही तिच्याच घरचं. आमचं उतू जाऊन ओट्यावर पसरलं होतं. वास पूर्ण गेला याची तिने तीनदा खात्री केली, मग खाली जाऊन स्विच चढवला. ट्यूब टिकटिक करून लुकलुकली आणि लागली. मी डोळे मिटून घेतले होते.

आजोबा देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. मी त्यांना काडेपेटी दिली. द्यायला मला वेळ लागला. पेटी हातात घेऊन ते तसेच बसून राहिले, मान माझ्याकडे वळवून.

"लावा ना," मी म्हटलं.

ते बघतच राहिले.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी गॅसचं बटण पुन्हा एकदा चाचपलं, माझ्या रोजच्या जागी, ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सात."

त्यांनी काडी ओढली.